अर्धी राहिलेली भिंत

मी ओळंबा बोलतोय. दोरीला टांगलेलं लोखंडी वजन, एवढंच माझं रूप. भिंत सरळ चढतेय की कलतेय, ते माझ्याकडे बघून ठरवतात.

दुकानातल्या खिळ्यावरून मला साहेबांच्या बायकोने उचललं. साहेब मोठे पुढारी. निवडणूक हरले आणि घरात येरझाऱ्या घालू लागले. तेव्हा मला त्यांच्या हातात ठेवून बाई म्हणाल्या, "अहो, सभांमधून घरं वाटत होतात ना? आता एखादं बांधायला जा."

साहेब हसले, पण गेले. गरिबांना परवडतील अशी घरं बांधणारी एक संस्था होती, तिच्या कामावर. "फोटोपुरते आलेत," लोक कुजबुजले. फोटोवाले गेले, साहेब विटा वाहत राहिले. पुढे खुर्ची परत मिळाली, पुन्हा गेली. पण सुट्टीच्या दिवशी बांधकामावर जाणं सुटलं नाही. कुणी भाषणाचा आग्रह केला की म्हणायचे, "भाषणाने छप्पर चढत नाही हो. ते घमेलं द्या इकडे."

शेवटचं घर एका शिंपीणबाईचं. नवरा गेलेला, पदरी दोन मुली, भाड्याच्या खोलीतून हुसकावलेली. साहेब तेव्हा आजारी होते. त्यांनी दोरी धरली, पण हात इतका थरथरत होता की मी स्थिरच होईना. शिंपीणबाईने त्यांच्या मनगटाला आधार दिला.

"बाबा, आता बघा."

मी थांबलो. साहेबांनी एक डोळा मिटून पाहिलं. "सरळ आहे गं पोरी. उद्या खिडकीपर्यंत नेऊ."

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

गावभर माणसं रडली. एका सभागृहाला त्यांचं नाव दिलं आणि मला तिथे काचेच्या पेटीत ठेवलं. बाई म्हणाल्या, "त्याला कामावर राहू द्या." कार्यकर्ते म्हणाले, "बाई, हा ठेवा आहे."

परवा शिंपीणबाई इथे आली. पेटीपुढे उभ्या असलेल्या बाईंना हळूच म्हणाली, "बाबा गेले, तेव्हापासून कामावर कुणी फिरकत नाही."

बाईंनी पदराने डोळे पुसले. "मला रचता येत नाही गं. वाहता येतं. चल."

दोघी गेल्या. मी काचेतून बघत राहिलो.

तुम्ही रोज इथे येता, हात जोडता, हळहळता. साहेबांसाठी खरंच जीव तुटत असेल, तर माझ्यापुढे थांबू नका. त्या दोघींच्या मागे जा. बाईंचं वय झालंय, आणि पावसाळा कुणासाठी थांबत नाही.