कडं घातलं की दाब उतरतो

दर मंगळवारी शिफ्ट सुटली की अख्खी लॉन्ड्री तिसऱ्या मजल्यावर चढायची. वरच्या रिकाम्या हॉलमध्ये कडेबाबा बसायचा. दारातच ब्लडप्रेशरचं मशीन होतं, शेवटच्या माणसालाही दिसतील एवढे मोठे लाल आकडे असलेलं. आलेल्या माणसाला धापा टाकत असतानाच उभं करायचं, पट्टा बांधायचा, वर त्याच्या घरादाराची चौकशी करायची. एकशे सत्तर, एकशे ऐंशी. गर्दी हळहळायची. मग बाबा त्याच्या मनगटात तांब्याचं कडं चढवायचा, त्याला गादीवर निजवायचा आणि त्याचा हात चार उशांवर उंच ठेवायचा.

"आता एक शब्द बोलायचा नाही," बाबा सांगायचा. "दाब शरीरातून जाताना आवाज करतो, तो ऐकायचा. आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. मशीनवर ठेवा. मशीनला भक्ती कळत नाही, त्याला नुसता आकडा कळतो."

अर्ध्या तासाने गादीजवळच्या दुसऱ्या पट्ट्याने मोजलं की आकडा यायचा एकशे अडतीस. बॉयलरवाले काका तर तो पाहून सगळ्यांदेखत रडले.

माझा दादा त्याच लॉन्ड्रीत इस्त्रीखात्याचा मुकादम होता. कडं आणि गोळी एका अंगात नांदत नाहीत, असं सांगून बाबाने त्याला गोळ्या खिडकीतून फेकायला लावल्या. चार महिन्यांनी दादा इस्त्रीच्या टेबलावरच आडवा झाला. त्याची उजवी बाजू गेली, वाचा गेली. मला बोलवायचं असलं की तो डाव्या हाताने पलंग वाजवतो. मी दवाखान्यात नर्स आहे, वीस वर्षं लोकांचे दाब मोजते आहे. मला बाबाची समजूत घालायची नव्हती. मला त्याला चारचौघांत उघडा पाडायचा होता आणि त्या वेळी त्याचं तोंड अगदी जवळून बघायचं होतं.

एवढं होऊनही बाबाचं दुकान बंद पडलं नाही. दादाचा दाब कड्याने उतरला होता, पण त्याच्या मेलेल्या बापाचा हात त्याच्या मानेवर होता, असं बाबाने लोकांना सांगितलं. आजोबा असेच गेले, मुलगा असाच पडला, आता नातीची पाळी. दादाची मुलगीही इस्त्रीखात्यातच आहे, वय जेमतेम तीस. तिचा दाब मीच दवाखान्यात तीनदा मोजला होता आणि डॉक्टरांनी तिला गोळी चालू केली होती. ती गोळ्यांचं पाकीट घेऊन बाबाकडे निघाली होती. तिचा नंबर लागला की ते खिडकीतून जाणार होतं.

"आत्या, आजोबा, पप्पा आणि आता मी," ती म्हणाली. "एका घरात तिघं. हे उगाच होतं का?"

"उगाच नाही होत. आणि तिघं नाही, चौघं. मी सहा वर्षं गोळी खातेय. आजोबा माझ्या मानेवर बसायचे विसरले का?"

पाकीट मात्र तिने काही मला दिलं नाही.

दाबाची ओढ घराण्यातून येते, हे खरंच आहे. पण लॉन्ड्रीत घराणी वेगवेगळी आणि दाब मात्र निम्म्या खात्याला. त्याचं कारण खात्याच्या दाराशी पिंपात भरून ठेवलेलं होतं. कोळशाच्या इस्त्र्या होत्या तेव्हा माणसं घामाने निथळायची, म्हणून तासातासाला मगभर मिठाचं पाणी प्यायची रीत पडली. आता वाफेच्या इस्त्र्या आल्या, डोक्यावर पंखे आले, घाम नावाला उरला. पण पिंप तिथेच आणि मगही तासातासालाच. नव्या माणसाला पहिला मग मुकादम स्वतः भरून देतो. माझ्या वडिलांनी तो दादाला दिला आणि दादाने मोठ्या कौतुकाने आपल्या मुलीला. वर अपुरी झोप, सिगारेटी आणि सुटलेली पोटं. एवढं सगळं जिवंत माणसांनी केलेलं, आणि आळ मेलेल्या म्हाताऱ्यावर.

पुढचे दोन मंगळवार मी हॉलच्या मागे नुसती उभी राहिले. भाचीचा नंबर तिसऱ्या मंगळवारी होता. तोवर मला सगळं दिसलं होतं, कारण यातली एकेक गोष्ट आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. दाब असा मोजू नका, म्हणून.

तिसऱ्या मंगळवारी मी गर्दीच्या आधीच वर जाऊन बसले. भाचीला पुढे बोलावलं तेव्हा मी तिच्या आधी उठले आणि मलाच कडं हवंय म्हणाले. नर्सबाई शरण आली, म्हणून बाबाला केवढा आनंद झाला.

"फक्त आज उलट्या बाजूने करू," मी म्हटलं आणि तडक गादीवर आडवी झाले. कडं घातलं नाही. हात उशांवर, तोंड बंद, दंडाला गादीजवळचा रुंद पट्टा. आकडा आला एकशे बारा.

मग मी एक सोडून दोन कडी घातली, तीन जिने उतरले, तीन जिने चढले आणि दारात उभी राहिले. हात खाली लोंबता, दंडाला दारातला अरुंद पट्टा आणि तोंडाने बडबड चालू. एकशे अठ्ठावन्न.

"दोन कड्यांनी माझा दाब शेहेचाळीसने वाढवला," मी हॉलला सांगितलं.

"तुमची श्रद्धा नाही, बाई," बाबा म्हणाला.

"मशीनला कुठे भक्ती कळते? दर मंगळवारी तुम्हीच सांगता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी दोन्ही पट्टे उचलून शेजारी शेजारी धरले. दारातला लहान मुलाच्या दंडाचा होता. पट्टा अरुंद असला, हात लोंबता असला, माणूस धापा टाकत बोलत असला की आकडा चढतो. पट्टा रुंद, हात उंच आणि माणूस निवांत असला की तोच आकडा उतरतो. यात कड्याचा संबंध बांगडीइतकासुद्धा नाही. काकांनी मुकाट्याने आपलं कडं काढलं.

"आता तुमचा मोजू," मी बाबाला म्हटलं. तो उठायला लागला, पण दारात इस्त्रीवाले उभे होते. त्याला खुर्चीत बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर, माझ्या पिशवीतला मापाचा पट्टा, पाच मिनिटं शांतता. म्हणजे जसा मोजायला हवा तसा. एकशे शहाऐंशी. पुन्हा मोजला, तेवढाच. दोन्ही मनगटांत कडी होती. हॉल खदखदून हसला, मीही हसले. त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला मी अगदी जवळून पाहिला आणि माझ्या जिवाला गार वाटलं.

"आत्या, त्यांना सांग ना," भाची हळूच म्हणाली.

मला सांगायचं नव्हतं. दादा जसा पडला तसाच हाही पडावा, असं मला मनापासून वाटत होतं. तरी मी सांगितलं, "उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. गोळी चालू करा आणि मनाने बंद करू नका. हे नर्स म्हणून सांगतेय. बहीण म्हणून मला काय वाटतं, ते विचारू नका."

भाचीने तिथेच पाकीट फोडून त्या दिवशीची गोळी घेतली. बाबा पुन्हा आला नाही.

त्याला मी माफ केलेलं नाही. पण खरं सांगायचं तर राग एकट्या त्याच्यावर नाही. त्या चार महिन्यांत दादा दर रविवारी माझ्या घरी जेवायला यायचा. माझा दाब आता नॉर्मल आहे म्हणायचा आणि मी बरं म्हणायचे. मशीन माझ्या कपाटात होतं. जगाचे दाब मोजणाऱ्या मला ते एकदा बाहेर काढावंसं वाटलं नाही. तुमच्या घरातलं कुणी आपण बरे झालो म्हणत असेल तर त्याला खुर्चीत बसवा, पाच मिनिटं गप्प ठेवा आणि स्वतः मोजा. त्याला राग आला तरी मोजा.