दोन चर्चं आणि एक पेनल्टी

स्कॉटलंडच्या लॅनार्कशरमधल्या कार्नब्रे गावात एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन प्रॉटेस्टंट चर्चं होती. नव्वद वर्षांपूर्वी उपासनेत ऑर्गन वाजवावा की नाही यावरून मंडळी फुटली आणि ऑर्गनविरोधकांनी हट्टाने समोरच आपलं वेगळं चर्च बांधलं. आता दोन्हीकडची मिळून साठ डोकी उरली होती, तेव्हा एकत्र येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. इमारत कोणती ठेवायची यावर मात्र दोन वर्षं बैठका झडत होत्या. शेवटी कंटाळून पाळकबाई एफी मॅकआस्किल म्हणाल्या, त्यापेक्षा फुटबॉलचा सामना खेळा आणि मोकळे व्हा. बाई दूरच्या बेटांवरच्या. इथे फुटबॉलवरून थट्टा करायची नसते हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोन्हीकडचे सगळे हात एकदम वर गेले. खेळणारे मात्र मंडळीतले किंवा त्यांच्या नात्यातलेच हवेत, असं ठरलं.

ऑर्गनवाल्यांचा संघ जमवायचं काम आर्ची पर्डनकडे आलं. आर्ची निवृत्त बसड्रायव्हर आणि जन्मापासून रेंजर्स या प्रॉटेस्टंटांच्या फुटबॉल क्लबचा. कॅथलिकांच्या सेल्टिक क्लबचा रंग हिरवा म्हणून त्याने अंगणातलं गवत उपटून फरशी घातली होती, घरात मटार शिजू देत नव्हता. यादी करायला बसला तेव्हा धड गुडघ्यांची दहाच माणसं भरली. त्यातल्या दोघांना चष्म्याशिवाय चेंडू दिसत नव्हता.

गावात खरंखुरं खेळणारं माणूस एकच, शेजारच्या डॉमिनिक हेगर्टीची मुलगी बर्नडेट. हेगर्टी कॅथलिक, सेल्टिकवाले. एकवीस वर्षांत दोन्ही घरांचं बोलणं कचऱ्याचा डबा कधी बाहेर ठेवायचा एवढ्यापुरतंच झालं होतं. तीन दिवस आर्चीने त्यांच्या दारावरून नुसत्या चकरा मारल्या, चौथ्या दिवशी बेल दाबली.

सगळं ऐकून घेऊन डॉमिनिक म्हणाला, "म्हणजे तुमचं चर्च आता पोपच्या माणसांनी वाचवायचं?"

"वाचवायचं नाही रे. एक गोल मारला की झालं."

बर्नडेटला हसू आवरत नव्हतं. "येते मी, आर्चीकाका. पण मोजे माझेच घालणार."

मोजे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे होते. आर्चीने होकार दिला आणि यादीत तिच्या नावापुढे 'पुतणी' असं लिहिलं.

शनिवारी सामना झाला. डॉमिनिकही मुलीचा खेळ बघायला येऊन कडेला आर्चीजवळ उभा राहिला. शिट्टी पाळकबाईंकडे होती. समोरच्या संघाची सूत्रं पंचाहत्तरीच्या इझोबेल टेनंटकडे; ती काठी टेकून मैदानाच्या कडेला उभी होती. तिचा गोलकीपर म्हणजे एक धिप्पाड तरुण. हा फॉल्कर्कचा माझा भाचा, असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. भाचा बर्नडेटचं काहीच आत जाऊ देत नव्हता. सव्वा तास गोल नाही, तिघेजण घोटे धरून बसलेले, आणि अशात ऑर्गनवाल्यांना पेनल्टी मिळाली.

बर्नडेटने चेंडू ठेवला आणि सवयीने कपाळापासून छातीपर्यंत कॅथलिक करतात तशी क्रुसाची खूण केली. आर्चीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात समोर भाच्यानेही तशीच खूण केली.

"इझोबेल," आर्ची म्हणाला, "तुझा भाचा कॅथलिक कधी झाला?"

"तुझी पुतणी झाली तेव्हाच."

पाळकबाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी शिट्टी फुंकली. चेंडू जाळीत गेला. भानावर आला तेव्हा आर्ची डॉमिनिकच्या गळ्यात पडून ओरडत होता. दोघांनी घाईने एकमेकांना सोडलं आणि आभाळाकडे पाहू लागले.

तक्रारी दोन्हीकडून झाल्या. बाईंनी दोन्ही फेटाळल्या आणि निकाल कायम ठेवला.

पुढच्या रविवारी ऑर्गनविरोधक रस्ता ओलांडून आले. इझोबेल सरळ आत शिरली आणि आर्चीच्या चाळीस वर्षांच्या जागेवर बसली. आर्ची क्षणभर घुटमळला, मग मुकाट्याने तिच्या शेजारी टेकला. ऑर्गन सुरू होताच तिने दोन्ही कानांत बोटं घातली. उपदेश लांबला तेव्हा तिने पर्समधून पेपरमिंटची गोळी काढून तोंडात टाकली. मग बराच विचार करून दुसरी काढली आणि त्याच्याकडे न बघताच पुढे केली.

आर्चीने ती घेतली.