अधिकाचं वाण

ओझरच्या विमान कारखान्याची बस सकाळी पंचवटीत थांबली की बाकीचे कामगार चढत आणि डोळे मिटत. सोमनाथ चढला की तोंड उघडी. विषय एकच, बायको. इतर नवरे बायकोची गाऱ्हाणी सांगत, हा पठ्ठ्या कौतुक सांगे. तेही इतकं, की नव्या माणसाला वाटावं याचं लग्न गेल्या आठवड्यात झालं असावं.

त्याचंही काही चुकत नव्हतं म्हणा. शुभांगी शाळेत विज्ञान शिकवायची आणि घरी विज्ञानकथा लिहायची. उडत्या तबकड्या आणि हिरवी माणसं असला माल तिच्याकडे नव्हता. गोष्ट खोटी असली तरी चालेल, गणित खोटं चालणार नाही, हा तिचा नियम. ब्याण्णव साली तिने पहिली कथा पाठवली तेव्हा संपादकांनी कळवलं की आकडे कमी करा, थोडं प्रेम घाला. तिने होतं नव्हतं तेवढंही प्रेम काढून टाकलं आणि कथा दुसऱ्या दिवाळी अंकाला धाडली. तिथे ती छापून आली. त्यानंतर दरवर्षी एखाद्या तरी अंकात तिचं नाव असायचंच.

एकदा तिला फिरत्या अंतराळस्थानकावरच्या भाजीबद्दल लिहायचं होतं. फिरत्या जागेत रोपाला वर कुठलं आणि खाली कुठलं, हे कसं कळेल? पुस्तकात उत्तर होतं, पण बाईंना डोळ्यांनी बघायचं होतं. लग्नात मिळालेल्या रेकॉर्ड प्लेअरवर तिने डब्या चिकटवल्या, आत ओल्या कापसावर मेथी टाकली आणि तबकडी फिरत ठेवली. मेथीची मुळं बाहेरच्या अंगाला गेली, कोंब मधल्या खुंटीकडे झुकले. दरम्यान रेकॉर्ड प्लेअरने राम म्हटला. सोमनाथला त्याचं काही नाही. "आमच्या घरी मेथी आडवी उगवते," असं त्याने बसमध्ये छाती फुगवून सांगितलं, आणि पुढे कित्येक वर्षं त्याला मेथीवाले म्हणत.

नव्याण्णवला तिची रेडिओवर मुलाखत झाली. तुमच्यावर कोणत्या लेखकांचा प्रभाव आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली, "माझ्या वडिलांच्या झेंडूचा."

मुलाखत घेणारा गडबडला, पण ती खरं तेच बोलत होती. तिचे वडील पुंजाराम, म्हणजे तिचे आप्पा, मखमलाबादला भाजी आणि फुलं करत. फुलवाल्याचं गणित उलटं असतं. तो आधी दसरा धरतो आणि तिथून बोटांच्या पेरांवर मागे मागे येत लावणीचा दिवस काढतो. दसऱ्याआधी सरलेला झेंडू आणि दसऱ्यानंतर फुललेला झेंडू, दोन्हींची किंमत सारखीच. शुभांगी लहानपणापासून हे बघत आलेली. ती गोष्टीसुद्धा अशीच रचायची. शेवट आधी पक्का, मग मागे मोजत पहिल्या ओळीपर्यंत.

सोमनाथ कान रेडिओला लावून आपलं नाव यायची वाट बघत होता. ते आलं नाही. "वेळ संपला, नाहीतर पुढचं नाव माझंच होतं," असं त्याने दुसऱ्या दिवशी बसमध्ये सांगून टाकलं.

मग तिने कादंबरी लिहायला घेतली. मंगळावर माणसांची छोटी वस्ती आहे. तिथे नाशिककडची तानू नावाची बाई काचघरात झेंडू लावते. तिची जिद्द एकच, नाशिकला दसरा असेल त्या दिवशी मंगळावर फूल उमललं पाहिजे. काचघरातल्या दिव्यांना वीज मोजकी, झेंडूच्या एका हंगामापुरती. ऊन किती, दिव्यांना वीज किती, धुळीचं वादळ केव्हा, सगळं शुभांगीने दसऱ्यावरून मागे मोजत बसवलं होतं. तीन वर्षं घरात मंगळाशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. पुण्याच्या एका प्रकाशकाने पुस्तक घेतलं, आणि दोन हजार एकच्या दसऱ्याला नाशकात प्रकाशन ठरलं. सोमनाथने आख्ख्या बसला आमंत्रण दिलं. ड्रायव्हरलाही.

त्या वर्षी अधिक आश्विन होता. अधिक महिन्यात जावयाला वाण द्यायची रीत, त्यामुळे मखमलाबादहून बोलावणं आलं. जेवण झाल्यावर सासूने, सखुबाईंनी, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडले, मधे निरांजन लावलं आणि ताट सोमनाथच्या हातात दिलं.

"तीन वरसांनी येतो हा महिना," सखुबाई म्हणाल्या. "जावयाची चैन."

"चैन कसली," पुंजाराम कोपऱ्यातून म्हणाले. "दसरा लांबला का नाय त्याच्यापायी? औंदा समदी लावणी मागं सारली म्या. धाकल्या भिकाच्या पोरानं गेल्या सालची तारीख धरून लावलं, त्याचा माल आताच निम्मा सरला. अधिक इसरला गडी."

सोमनाथ हसला. पहिला अनारसा तोंडात टाकून त्याने बायकोकडे पाहिलं तर तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला. ती ताटाकडे बघत होती आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता.

घरी जाताना स्कूटरवर ती बोलली. "अहो, पुस्तक थांबवावं लागेल."

"का गं?"

"माझाही अधिक राहिला. दसरा दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, आणि अधिक आला की उडी मारून पुढे जातो. मी मधले सगळे अधिक धरले, फक्त गोष्टीतल्या त्या वर्षाचा राहिला. तानूचा झेंडू दसऱ्याआधीच फुलून वाळतो. दिवेही दसऱ्याआधीच विझतात. पहिल्या पानापासून सगळं चुकलंय."

सोमनाथने स्कूटर बाजूला घेतली. दसरा तोंडावर आला होता. छपाई सुरू झाली होती. हॉल ठरला होता आणि सगळ्या बसला त्याने शब्द दिला होता.

"शुभा, कोणाला कळणार आहे?" तो म्हणाला. "वाचणारा काय पंचांग घेऊन बसतो?"

"आप्पांना कळेल."

"मामांनी आजवर तुझी एक तरी गोष्ट वाचलीय का?"

हे त्याने बोलायला नको होतं. पुंजारामांना वाचता येत नव्हतं, आणि लेकीच्या गोष्टींविषयी ते कधी एक शब्द बोलले नव्हते. शुभांगीला ते किती लागतं हे घरात फक्त सोमनाथला ठाऊक होतं. ती रडली वगैरे नाही. तिने शांतपणे विचारलं, "हा पार्ट तुमच्या टेबलावर आला असता तर?"

सोमनाथ कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. तयार झालेला पार्ट त्याच्यापुढे यायचा. मापात असला तर पुढे जायचा, केसभर चुकला तर त्यावर लाल रंगाचा पट्टा ओढून तो बाजूला ठेवायचा. आत बसल्यावर कोणाला दिसणार आहे, असं म्हणणारे साहेबही त्याने पाहिले होते. त्यांच्यादेखतही त्याने पट्टा ओढला होता, आणि हेही तो बसमध्ये सांगायचा.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो पुण्याला गेला. शुभांगीच जाणार होती, पण तिची शाळेत परीक्षा चालू होती आणि खरं सांगायचं तर त्याला हे स्वतःच करायचं होतं.

प्रकाशक आधी हसले, मग चिडले. "निम्म्या पानांचे फर्मे छापून झालेत. एका महिन्यासाठी पुस्तक थांबवायचं? आणि तुम्ही कोण?"

"नवरा."

"मग नवऱ्यासारखं वागा. बाईंची समजूत घाला."

"समजूत माझीच घातली गेलीय," सोमनाथ म्हणाला. "मशीन थांबवा. चुकीचा माल आमच्या घरातून बाहेर जाणार नाही."

छापलेले फर्मे रद्दीत गेले. पुढच्या दसऱ्याचं बघू, तेही बघूच, असं प्रकाशक म्हणाले आणि दार दाखवलं. परतीच्या एसटीत सोमनाथला वाईट वाटत होतं, पण मान खाली घालावीशी मात्र वाटली नाही.

मान खाली घालायला लावायचं काम बसने केलं. "काय मेथीवाले, पुस्तक मंगळावरून निघालं का?" "अहो, वाटेत पंक्चर झालं असेल." सोमनाथ वर्षभर ऐकून घेत राहिला. खिडकीबाहेर बघायला तो त्याच वर्षी शिकला.

घरात शुभांगी पहिल्या पानापासून पुन्हा लिहीत होती. तिने चूक नुसती पुसली नाही. ती उचलून तिने तानूच्या पदरात टाकली. आता मंगळावर तानूच अधिक विसरते. अर्ध्या कादंबरीत तिच्या लक्षात येतं की दसरा लांब आहे, झेंडू कळ्यांवर आलाय आणि विजेचा साठा संपत चाललाय. हाती एक जास्तीचा महिना, आणि त्याच्यासाठी उजेडाचा थेंब शिल्लक नाही. सोमनाथने हे वाचलं आणि त्या दिवशी त्याचा चहा गार झाला. पहिल्या खर्ड्यात तानू हुशार होती, आता ती त्याला आपल्या घरातली वाटली.

पुस्तक दोन हजार दोनच्या दसऱ्याला आलं. अर्पणपत्रिकेत एकच ओळ होती, 'आप्पांच्या झेंडूला आणि ह्यांच्या लाल पट्ट्याला'. सोमनाथने ती ओळ बसमध्ये इतक्यांदा वाचून दाखवली की ड्रायव्हरला पाठ झाली. पुढे पुस्तकाला बक्षिसं मिळाली, दुसरी आवृत्ती निघाली, मुंबईपुण्याचे लोक तिला भाषणाला बोलावू लागले. ओझरच्या बसमध्ये पुस्तक हातोहात फिरून त्याची पानं सुटी झाली.

पण प्रकाशनाला पुंजाराम आले नव्हते. येणार कसे? दसऱ्याच्या दिवशी झेंडूवाला बाजार सोडत नाही. दुसऱ्या दिवशी शुभांगी स्वतः पुस्तक घेऊन मखमलाबादला गेली. पुंजारामांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, सखुबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं आणि ते देव्हाऱ्यात पोथ्यांच्या चवडीवर जाऊन बसलं. नंतर जेव्हा जेव्हा ती गेली तेव्हा ते तिथेच होतं, न उघडलेलं. बक्षीस मिळाल्याचं सांगितलं की पुंजाराम "चांगलं झालं" म्हणायचे आणि कोबीच्या भावावर यायचे. शुभांगी हसून विषय सोडून द्यायची. सोमनाथला तिचं ते हसू अजिबात बघवत नसे.

दोन हजार चारला अधिक श्रावण आला. पुन्हा बोलावणं, पुन्हा अनारसे. दोघं मखमलाबादला पोचली तर ओटीवर सखुबाई चष्मा लावून पोथी वाचत होत्या. अधिक महिन्यात रोज एक अध्याय वाचायचा हा त्यांचा नेम. शेजारच्या दोघीतिघी वाती वळत ऐकत होत्या. पुंजाराम खांबाला टेकून बसले होते. नेहमीचाच हेल, नेहमीचाच ठेका. सोमनाथ चपला काढता काढता थबकला. पोथीच्या सुरात सखुबाई वाचत होत्या, "तानूने काचघराचं दार लावलं आणि शिल्लक वीज पुन्हा मोजली..."

शुभांगीने उंबऱ्यातच त्याचा दंड धरला.

"औंदा हीच पोथी घेतली," शेजारची तानुबाई हलक्या आवाजात म्हणाली. "माझ्या नावाची बाई हाय. लय सोसलंय तिनं."

सखुबाईंनी मान वर केली नाही. कळ्या धरल्या होत्या, दसरा लांब होता, तानूने डोकं हातात धरलं होतं. पुंजाराम टेकण सोडून पुढे सरकले. अंगठा पेरांवरून फिरला, एकदा आणि पुन्हा एकदा.

"अधिक धरला लेकीनं," ते म्हणाले. मग कोणाला तरी बजावल्यासारखं म्हणाले, "आता शेंडं खुडावं लागत्याल. कळ्यांसकट. खुडलं का फूल लांबतं. पर जीव होत नाय मानसाचा."

"ऐका की गप," सखुबाई म्हणाल्या आणि पान उलटलं. "तानू रोपांपाशी गेली. पहिला शेंडा खुडताना तिचा हात थांबला. तिचे वडील म्हणायचे, झेंडूवर माया असेल तर त्याला खुडता आलं पाहिजे..."

सखुबाई वाचत राहिल्या. वस्तीतल्या माणसांनी आपापल्या खोल्यांतले दिवे विझवून तेवढी वीज काचघराला दिली आणि जास्तीचा महिना अंधारात काढला, तिथे अध्याय संपला. बायकांनी पुस्तकाला नमस्कार केला. पुंजारामांनी खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसले, तेव्हा कुठे त्यांना दारातली लेक दिसली. त्यांनी लपवायचा प्रयत्न केला नाही.

सखुबाईंनी वाणाचं ताट सोमनाथच्या हाती दिलं.

"आजून एक ताट काढ," पुंजाराम म्हणाले.

"जावई एकच हाय आपल्याला."

"लेकीला काढ."

"लेकीला कुठं अधिकाचं वाण देत असत्यात?"

"तिनं त्या तिकडच्या मानसांना आख्खा महिना काढून दिला. काढ म्हनतो ना."

दुसऱ्या ताटाला तेहतीस अनारसे नव्हते. उरले होते तेवढे मांडले, मधे दिवा लावला. पुंजाराम स्वतः उठले, ताट घेतलं आणि लेकीपुढे धरलं. लेकीसमोर असं वाकायची त्यांना सवय नव्हती, म्हणून दिवा जरा हलला. शुभांगीने ताट घेतलं आणि ती लहान पोरीसारखी रडली. सोमनाथही रडला. हे मात्र त्याने बसमध्ये कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बस सुरू झाल्यावर त्याने डबा उघडला आणि एकेक अनारसा सगळ्यांच्या हातावर ठेवत ड्रायव्हरपर्यंत गेला.

"जावयाचं वाण का मेथीवाले?" कोणीतरी विचारलं.

"जावयाचं घरी ठेवलंय," सोमनाथ म्हणाला. "हे लेखिकेचं आहे. तिच्या वडिलांनी दिलंय."

मग तो आपल्या जागेवर जाऊन बसला, आणि ओझर येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.