डाव्या बाजूचा टॅकल

वर्ना नोवाकच्या घरात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ईरी शहरातली निम्मी गल्ली तिच्या टीव्हीसमोर येऊन बसली होती. अमेरिकन फुटबॉलच्या संघांसाठी कॉलेजातली नवी पोरं निवडण्याचा ड्राफ्ट चालू होता आणि तिचा मुलगा ब्राइस ज्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, त्या संघाची पाळी तोंडावर आली होती.

"रिसीव्हरच घ्यायला हवा!" वर्नाचा थोरला दीर स्टॅन बटाटा भरलेली पिरोगी चावत म्हणाला. "आपला पोरगा चेंडू फेकतो झकास, पण झेलणारा आहे कोण?"

"टॅकल घ्या, डाव्या बाजूचा," वर्ना म्हणाली. "फेकताना त्याची पाठ तिकडे असते, भावजी. मागून येणारा त्याला दिसतच नाही. अडवणारा कुणी नको?"

"अगं वर्ना, अडवणाऱ्यांनी कधी कप आणलाय? तुझं चाललं तर तू पोराला मैदानात उशी बांधून पाठवशील!"

सगळे खो खो हसले. ब्राइसही हसला, पण आईकडे न बघता.

वर्ना मात्र सकाळपासून ब्राइसवरच नजर ठेवून होती. सकाळी ब्राइस दूध आणायला गेला आणि दुकानाच्या आवारातून त्याचा फोन आला. "मॉम, घरी कसं यायचं?" आवाज लहान मुलासारखा. त्या दुकानात तो शाळेत असल्यापासून जायचा. ती धावत गेली, तेव्हा तो गाडीत घामाने निथळत बसला होता. "कुणाला बोललीस तर माझं सगळं संपेल," म्हणून त्याने तिच्याकडून वचन घेतलं. गेल्या नोव्हेंबरात एका सामन्यात मागून बसलेल्या धडकेनंतर तो मैदानावर निपचित पडला होता, ते तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कोच होता. ब्राइसने स्पीकर लावला आणि सगळे चिडीचूप झाले.

"बोल राजा, तुझं काय मत? टॅकल की रिसीव्हर? आमचं इथे जुंपलंय."

"रिसीव्हर," ब्राइस म्हणाला. "तो... ओहायोचा. आपण दोघांनी बघितलेला. तो..."

नाव येईना. ओठ हलले, बंद झाले. त्याच्या डोळ्यांत सकाळचीच भीती उतरली. स्टॅनला वाटलं, पोरगा भाव खातोय. तो हसायला लागला.

वर्नाने फोन ओढून घेतला.

"कोच, मी त्याची आई. आज सकाळी याला घरचा रस्ता आठवत नव्हता. याच्या डोक्याला काहीतरी झालंय. याला खेळवू नका."

"मॉम!" ब्राइस किंचाळला.

मग कोच हळूच म्हणाला, "बरं केलंत सांगितलंत," आणि फोन बंद झाला.

थोड्या वेळाने टीव्हीवर संघाची निवड जाहीर झाली. टॅकल नाही, रिसीव्हर नाही. संघाने ब्राइसच्या जागी नवा क्वार्टरबॅक घेतला होता.

एकेक जण कोट उचलून निघाला. स्टॅन दारात घुटमळला. "वर्ना, मला काय ठाऊक..." म्हणत तो बाहेर पडला.

ब्राइस आपल्या खोलीत जाऊन बसला. वर्ना दाराबाहेर जमिनीवर बसली. आत आवाज झाला तरी ती दचकत होती, झाला नाही तर जास्तच. आता हा आयुष्यभर आपलं तोंड बघणार नाही, असं तिला वाटलं. तरी ती उठली नाही.

शेवटी दार उघडलं. त्याचे डोळे सुजले होते.

"मी तिसऱ्यांदा वाट चुकलो होतो, मॉम," तो म्हणाला. "तुला एकदाचंच माहितीय."

तिने त्याला जवळ ओढलं. तो तिच्यापेक्षा हातभर उंच होता, तरी त्याने वाकून तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचे फोटो बघून विचारलं, "नोव्हेंबरातल्या त्या धडकेनंतर हा किती सामने खेळला?"

"सहा," ब्राइस म्हणाला.

डॉक्टर फोटो खाली ठेवून खुर्चीत बसले. वर्नाने मुलाचा हात घट्ट धरला.