दुसऱ्याच झाडाचं चित्र

बासलच्या धक्क्यावर न बांधलेल्या पुस्तकांची पिंपं नावेत चढत होती. फ्रँकफुर्टच्या जत्रेला आधीच उशीर झालेला, त्यामुळे छापखान्याचा मालक ओस्वाल्ट रीशर नावाड्यांवर खेकसत होता. डॉक्टर लिओनहार्ट श्टॅम्फ्ली शेजारी उभे राहून सुटे ताव चाळत होते. रोगी तपासून उरलेलं सगळं आयुष्य त्यांनी डोंगर आणि दलदली तुडवण्यात घालवलं होतं, आणि त्या पायपिटीतून हा वनस्पतींचा ग्रंथ उभा राहिला होता. चाळता चाळता एका तावावर त्यांचं टाळकंच फिरलं.

"रीशर! हे काय छापलंय?"

"रानगाजर. खाली नाव आहे की, डॉक्टरसाहेब."

"नाव रानगाजराचं आणि चित्र दलदलीतल्या विषाचं! ह्याचा कंद खाणारा आचके देऊन मरतो!"

ओस्वाल्टने खांदे उडवले. "तुमच्या चित्राचा लाकडी ठसा तडकला. नवा कोरायला वेळ कुठे होता? एका जुन्या पुस्तकातला पडून होता, तो लावला. दोन्हींना पांढरी फुलं. इतकं बारकाईनं कोण बघतंय?"

कोण बघतंय! डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला. जुन्या पंडितांवर विसंबू नका, माझं चित्र घेऊन रानात जा, असं त्यांनी प्रस्तावनेत ठणकावून लिहिलं होतं. लोक विश्वासाने जाणार होते आणि मरण उकरून घरी आणणार होते.

"शेवटी शुद्धिपत्र जोडू," ओस्वाल्ट म्हणाला. "दोन ओळींत भागेल."

"ते वाचणार कोण रे? ज्याला वाचता येतं तो गाजरं बाजारातून आणतो. ज्याला येत नाही तो चित्र बघून उकरतो आणि पोरांच्या पातेल्यात टाकतो! उतरव ती पिंपं!"

"मग पुढच्या जत्रेची वाट बघा. तोवर स्ट्रासबुर्गच्या तुमच्या मित्राचं वनस्पतींचं पुस्तक येईल. तुमच्याकडे कुत्रं फिरकणार नाही. जरा विचार करा."

खोटं कशाला सांगायचं, क्षणभर डॉक्टरांनी विचार केला. मग त्या क्षणाचाच त्यांना असा संताप आला की त्यांनी नावाड्याची कुऱ्हाड उचलली आणि पहिलं पिंप फोडलं. ताव चिखलात पसरले. त्यांनी दुसरं फोडलं.

"फोडा, फोडा!" ओस्वाल्ट किंचाळला. "एक नाव सकाळीच गेलीय!"

डॉक्टरांचे हात थांबले. राहिलेली पिंपं त्यांनी धक्क्यावर उतरवून घेतली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्या रिकाम्या झालेल्या नावेत जाऊन बसले.

जत्रेत पोहोचले तेव्हा आधीच्या नावेतली पुस्तकं मांडून झाली होती आणि गिऱ्हाइकांची झुंबड उडाली होती. डॉक्टर मांडवासमोर आडवे उभे राहिले आणि घसा फाटेस्तोवर ओरडू लागले, "घेऊ नका! हे पुस्तक माणसं मारील!"

लोक हसले. एका लठ्ठ व्यापाऱ्याने पुस्तक हातात तोलत विचारलं, "कोण तो गाढव, हे लिहिणारा?"

"मी," डॉक्टर म्हणाले. "ठेव ते खाली."