खाली तोंड केलेला स्क्रू

नऊ वर्षं सासऱ्यांच्या गॅरेजात घाण्याला जुंपल्यासारखा राबल्यावर आज जावयाची सुटका होती. दूरच्या शहरातल्या वर्कशॉपात पाचच्या आत हजर झाला तर नोकरी पक्की, नाहीतर ती दुसऱ्याला जाणार. बॅगा डिकीत ठेवून गाडी सुरू केली आणि नेमकी तीच तापली. कूलंटची टाकी ठणठणीत कोरडी!

अकरा वाजले होते आणि रस्ता चार तासांचा. इंजिन निवल्यावर त्याने टाकी भरली, तोंडाला हातपंप लावून दाब दिला. पंपावरची दाबाची सुई चढली आणि डोळ्यांदेखत घसरली. गळती होती, पण जमिनीवर थेंब नाही. टॉर्च घेऊन तो गाडीखाली सरपटला. रेडिएटर कोरडा, इंजिनाचा पाण्याचा पंप कोरडा. इंजिनामागे, हात जेमतेम शिरेल अशा जागी, रबरी पाइपची क्लिप सैल होती. पाणी खालच्या पत्र्यावर साचत होतं.

पाइप त्यानेच परवा बसवला होता, क्लिपचा स्क्रू वर ठेवून. आता स्क्रूचं तोंड खाली होतं. ही खोड सासऱ्यांची. परक्याचा हात पोचू नये म्हणून ते जन्मभर तसाच बसवत आले.

त्याचं डोकं फिरलं. ग्रीसच्या हातांनीच तो आत गेला.

"बाबा, क्लिप कुणी सैल केली? स्क्रू खाली आहे."

सासऱ्यांनी चहाचा कप उचलला. "मीच केली."

कप दोन्ही हातांनी धरूनही चहा बशीत सांडत होता. अर्धांगाचा झटका आल्यापासून दोन वर्षं त्यांना साधा स्क्रूड्रायव्हर धरता येत नव्हता. त्यांची ही खोड आणखी एकीनेच उचलली होती, फ्रॉकच्या वयात, याच गॅरेजात.

त्याने परत जाऊन क्लिप आवळली, पुन्हा दाब दिला. या वेळी चढलेली सुई घसरली नाही. बायको दारात उभी होती.

"झालं?"

"झालं. निघता येईल."

तिचा चेहरा पडला. "मला बाबांना टाकून नाही यायचं रे. तुला सांगायचा धीरच झाला नाही."

त्याला ओरडायचं होतं, एकट्यानेच निघून जायचं होतं. आता दोष गाडीवरही ढकलता येत नव्हता.

बऱ्याच वेळाने त्याने वर्कशॉपला फोन लावला. "साहेब, गाडी बिघडली. येणं जमणार नाही."

"काय झालंय गाडीला?" साहेबांनी विचारलं.

कधी नव्हे ते त्याला बिघाड सांगता येईना.