हातमोज्यांतला खुनी

चष्मेवाल्यांच्या बायकोसमोर खून करून पचवणं आजवर एकाही सिनेमावाल्याला जमलं नव्हतं. बाई शाळेत मुख्याध्यापिका. खडू कुणी फेकला हे फळ्याकडे तोंड करून सांगणाऱ्या. पडद्यावर प्रेत पडायचा अवकाश, की त्या सोफ्यावरून निकाल द्यायच्या, "तो डॉक्टर." आणि शेवटी डॉक्टरच निघायचा. एवढा नावाजलेला नट नुसती औषधाची चिठ्ठी लिहायला कशाला येईल, हा त्यांचा साधा हिशेब. मग उरलेला सिनेमाभर त्या निवांत भाजी निवडायच्या आणि बाकीच्यांच्या मजेवर पाणी फिरायचं.

याला उतारा शोधला त्यांच्या मुलीने. उंचीने आईच्या खांद्यालाही पोचली नाही म्हणून तिचं नाव पडलं बारकी. ती कुठून कुठून असले सिनेमे हुडकून आणायची, ज्यांची नावंही कुणी ऐकलेली नसायची. चार मित्र, एक भाड्याची खोली, एक उसना कॅमेरा आणि एक प्रेत. सगळेच चेहरे अनोळखी, त्यामुळे बाईंची युक्ती लंगडी पडली. पहिल्यांदा त्या भडकल्या. "हे काय, मेलेला माणूस श्वास घेतोय!" पण सिनेमा संपल्यावर त्या गुपचूप उठल्या, मागच्या दाराची कडी तपासली आणि माळ्यावर टॉर्चही मारून आल्या. मोठ्या सिनेमातला खुनी बंगल्यात राहतो, त्याची काळजी बंगलेवाल्यांनी करावी. हा खुनी मात्र आपल्यासारख्याच गळक्या नळाखाली हात धुतो. पुढच्या रविवारी बाईंनीच विचारलं, "आज काय आणलंयस गं, स्वस्तातलं?"

हळूहळू तिथेही त्यांचा हात बसला. ज्याच्या शर्टाला इस्त्री तो खुनी, असं त्या म्हणायच्या. नुसतं मरायला एवढं नटून कोण येतं?

अशा घरात बारकीने स्वतःचाच खुनाचा सिनेमा काढायचं ठरवलं, म्हणजे धाडसच. बाईंच्या डोक्यात वेगळंच होतं. बारकीच्या मामांचं गालिच्यांचं दुकान होतं आणि तिथली एक खुर्ची भाचीसाठी रिकामी ठेवलेली होती. रोज जेवताना त्या खुर्चीवरून वाद व्हायचा. शेवटी बाईंनीच पैज लावली.

"सिनेमा संपायच्या आधी मी खुनी ओळखला, तर सोमवारपासून मुकाट्याने गालिचे विकायचे. नाही ओळखला, तर खुर्चीचं नाव काढणार नाही. बोल!"

"बोलले," बारकी म्हणाली.

पोरगी गालिच्यांत गुदमरेल हे चष्मेवाल्यांना दिसत होतं. पण त्यांचं मत विचारायची घरात पद्धत नव्हती. बाई नवऱ्याकडे भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावं तशा पाहत, वेळ हवी असेल तेव्हा. निदान चष्मेवाल्यांचा तरी तसा समज होता, आणि त्याचं त्यांना मनातून वाईट वाटायचं.

बाई शाळेत गेल्या की घरात शूटिंग सुरू व्हायचं. रक्त बिटाचं, पाऊस न्हाणीघरातला, आणि पोलीस चौकशीचा दिवा म्हणजे चष्मेवाल्यांच्या दुकानातली डोळे तपासायची बत्ती. खून व्हायचा होता शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांचा. त्यांना मरायची इतकी हौस, की उशी घेऊन ते आधीच हजर. खुनी होती मावशी, बाईंची सख्खी धाकटी बहीण. झुरळ दिसलं की स्टुलावर चढणाऱ्या या बाईवर कोण संशय घेणार? पडद्यावर खुनाच्या वेळी फक्त हात दिसायचे, रबरी हातमोज्यांतले. पण ऐन खुनाच्या दिवशी मावशीला त्या रबराने मनगटापर्यंत पुरळ उठलं. कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा होता. बारकी रडवेली झाली.

"बाबा, तुम्ही कराल? नुसते हात."

चष्मेवाल्यांनी आयुष्यात डास मारला तरी आधी खिडकी उघडून त्याला एक संधी दिली होती. पण पोरीचा चेहरा बघवेना. त्यांनी मावशीचा कोट चढवला, हातमोजे घातले आणि पोस्टमास्तरांच्या तोंडावर उशी ठेवली. "लागलं नाही ना?" असं विचारून पहिला खून त्यांनी वाया घालवला. दुसरा जमला. निघताना त्यांना टेबलावर पोस्टमास्तरांचा चष्मा पालथा पडलेला दिसला. काच खाली टेकली की चरे पडतात. हात आपोआप पुढे गेला. डावी काडी आधी मिटली, मग उजवी, अंगठ्याने काच पुसली आणि चष्मा उताणा ठेवला. बारकीने ते तसंच राहू दिलं.

सिनेमा लागला वाचनालयाच्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी. खिडक्यांना बाईंच्याच चादरी ठोकलेल्या. बाई पहिल्या रांगेत, शेजारी चष्मेवाले. खुनाचा प्रसंग आला. उशी दाबली गेली, पोस्टमास्तर शांत झाले, आणि मग त्या हातांनी चष्मा मिटून, पुसून, जपून ठेवला. एवढं थंड डोकं! मागे कुणीतरी "आई गं!" म्हणालं. सगळा हॉल चिडीचूप झाला.

"हे!" त्या शांततेत बाईंचा शाळेतला आवाज घुमला. त्यांचं बोट नवऱ्याकडे होतं. "खुनी हे आहेत!"

हॉल हसला. आपल्या एका सवयीपायी पोरीचं वाटोळं झालं, असं चष्मेवाल्यांना वाटलं. पुढचा सिनेमा त्यांना दिसलाच नाही. शेवटी पडद्यावर मावशीने तो कोट खुंटीला अडकवला, खिशातून हातमोजे काढले आणि सगळ्यांनी श्वास रोखला. बाईंचं तोंड उघडंच राहिलं.

चादरी निघाल्या, उजेड झाला. बारकी धावत आली. "आई, हरलीस!"

"हरले कशी?" बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "हात कुणाचे होते ते आधी सांग." त्या मावशीकडे वळल्या. "काय गं, उशी तू दाबलीस?"

मावशी छताकडे बघत म्हणाली, "मला पुरळ आलं होतं."

"बघ! खुनी मी बरोबर ओळखला."

बारकीचा चेहरा उतरला. तो बघून चष्मेवाल्यांनी कधी नव्हे तो तोंड उघडलं. "अगं, पण तू ओळखलंस कशावरून? हातात मोजे होते."

"कशावरून म्हणजे? डावी काडी आधी, मग उजवी. अंगठ्याने पुसायचं, काचा वर. रोज झोपताना माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून असाच तर ठेवता."

"पण तेव्हा तू झोपलेली असतेस."

"कोण झोपतंय!" बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज जरा खाली आला. "नुसती डोळे मिटून पडलेली असते. तुम्ही येऊन काढाल म्हणून."

चष्मेवाल्यांनी डोळे पुसले, तेही सगळ्यांदेखत. मावशीने रुमाल काढला. पोस्टमास्तर मात्र "माझा श्वास दिसला का?" असं ज्याला त्याला विचारत होते.

बाई बारकीकडे वळल्या. "हात दिसले आणि मी पुढचं बघायचंच सोडलं. यांच्याकडेच बघत बसले. माझी सख्खी बहीण डोळ्यांदेखत खून करून फिरत होती आणि मला पत्ता नाही. फसलेच की मी." त्यांनी पदर सावरला. "मामाला सांग, खुर्ची दुसऱ्या कुणाला दे म्हणावं. आणि पुढच्या वेळी प्रेत तरी नीट मरणारं शोध."

घरी जाताना बसमध्ये बारकी आणि मावशी पुढे बसल्या, हे दोघं मागे. बस सुटली तशी बाईंनी मान टेकवली आणि डोळे मिटले, चष्मा तसाच डोळ्यांवर ठेवून. चष्मेवाल्यांनी इकडे तिकडे पाहिलं. भर दुपारी, चार माणसांत, त्यांना चक्क लाज वाटली. पण त्यांनी हात पुढे केला आणि चष्मा अलगद काढला.

"डावी आधी," डोळे न उघडता बाई म्हणाल्या.